करवंदाबाईची लाल नखं

एका जंगलात, बाळांनो, करवंदाबाई नावाची एक अस्वलीण राहत होती. तिची नखं चांगली बोटबोट लांब होती. त्या नखांनी ती वारूळ फोडायची, झाडावर चढायची, पोळं काढायची आणि उरल्या वेळात नवऱ्याची पाठ खाजवून द्यायची.

नवऱ्याचं नाव बिब्बेराव. ते सावलीत बसून जंगलाचं पुढे कसं व्हायचं याची काळजी करायचे. त्यांची मुलगी जांभळी शेजारी लोळत पडायची. सगळं घर करवंदाबाईच्या नखांवर चालायचं.

एकदा असं ठरलं, की जांभळीला बघायला पलीकडच्या टेकडीवरची मंडळी पुढच्या आठवड्यात येणार. करवंदाबाईने आपले पंजे पाहिले. माती, मध, आणि एक नख तुटलेलं.

"असे हात घेऊन विहिणीसमोर बसू?" असं म्हणून ती तडक रेशमाकडे गेली.

रेशमा म्हणजे उदमांजर. ती नुकतीच शहरातून परतली होती. तिथे ती एका पार्लरच्या माळ्यावर राहायची आणि छताच्या फटीतून बघून बघून जेलची नखं करायला शिकली होती. येताना तिने जेलच्या बाटल्या आणि ते वाळवायचा एक निळा दिवा ढापून आणला होता. पाणवठ्यावरच्या सौर पंपाला तार जोडून ती तो पेटवायची.

रेशमाने लालभडक जेल लावलं आणि पंजे दिव्याखाली धरले. नखं अशी चमकली, की पाणवठ्यावरची हरणं पाणी प्यायचं विसरली.

संध्याकाळपर्यंत जेल सालीसारखं निघालं.

"तुमच्या हाताला मध होता," रेशमा म्हणाली. "चिकट, तेलकट नखावर जेल धरत नाही. आधी हात धुवून अगदी कोरडे करायचे."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"फटीतून बेसिन दिसत नव्हतं हो."

करवंदाबाईने राखेने पंजे घासले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. या वेळी तिनेच हट्ट धरला, "जाड लाव गं! अस्वलाचं नख आहे, चिमणीचं नव्हे."

रेशमाने जेल थापलं. वरून वाळलं, आतून ओलंच राहिलं. त्यातून आभाळ भरून आलं आणि दिवा मिणमिणायला लागला. घरी जाताना करवंदाबाईने कान खाजवला, तर पंजा कानालाच चिकटला. सोडवताना कानाचे निम्मे केस गेले. संतापून तिने सगळं जेल दातांनी ओरबाडून काढलं. त्याबरोबर नखांचे पापुद्रेही निघाले.

"अहो, ओढायचं नसतं!" रेशमा कळवळली. "भिजवून, मऊ करून काढायचं असतं. आता या नखांवर काय टिकणार?"

करवंदाबाई मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजवर माझ्या हातांकडे कुणी बघितलंच नाही गं," ती म्हणाली. "हातातल्या मधाकडेच बघितलं."

रेशमाने तिचे पंजे जवळ ओढून घेतले. तिने चार दिवस त्या नखांना करंजाचं तेल चोळलं. मग स्वच्छ ऊन पडलेलं बघून तेल धुऊन काढलं, नखं कोरडी केली आणि पातळ थर दिला. तो वाळवला, मग दुसरा. शेवटी नखांची टोकंही नीट बंद केली, म्हणजे तिथून टवका उडायला नको.

"आता वारूळ नाही, झाड नाही, माती नाही," तिने बजावलं.

"मग खायचं काय?"

"ते मला फटीतून दिसलं नाही."

घरी जांभळी म्हणाली, "आई, भूक लागली."

"मला मनाई आहे," करवंदाबाई म्हणाली आणि पंजे पसरून बसली.

बराच वेळ कुणी काही केलं नाही. मग बिब्बेराव कण्हत उठले आणि वारुळाकडे गेले. आपल्यालाही नखं आहेत हे त्यांना त्या दिवशी समजलं.

ठरल्या दिवशी मंडळी आली. विहीणबाई पंजे पोटाखाली घेऊन ऐटीत बसल्या. मुलाचं नाव भोकर. आता त्या जंगलात अशी रीत होती, की दोन्हीकडच्या आयांनी मिळून पोळं काढायचं, तेव्हा सोयरीक पक्की व्हायची.

"चला ना मग, विहीणबाई," भोकरचे वडील करवंदाबाईला म्हणाले.

नाही म्हणावं तर लेकीचं लग्न मोडणार. हो म्हणावं तर नखं जाणार. करवंदाबाईने जांभळीकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्याने नाही चढवणार. मी नखं केलीत."

बिब्बेरावांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा विहीणबाईंनी हळूच पोटाखालचा पंजा बाहेर काढला. जांभळ्या रंगाची नखं! त्यातली दोन कडेने उचकटलेली.

"मीही तेच म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "पण तुमची टिकली कशी हो?"

झालं! दोघी जवळ सरकल्या. मध आणायला मग मुलांनाच पाठवलं. जांभळी जन्मात कधी झाडावर चढली नव्हती, आणि भोकरचंही तेच. ती घसरली, तो तिच्या अंगावर पडला, माश्या दोघांना चावल्या. दोघं सुजलेल्या नाकांनी, अर्धं पोळं घेऊन, हसत हसत परत आली.

"पसंत आहे का?" कुणीतरी विचारलं.

"उद्या दुसऱ्या झाडावर जायचं ठरवलंय," जांभळी म्हणाली.

लग्न थाटात झालं. जांभळी आणि भोकर आता अख्ख्या जंगलाला मध पुरवतात. बिब्बेराव रोज वारूळ फोडतात, आणि जंगलाचं पुढे कसं व्हायचं याची काळजी करायला त्यांना वेळच मिळत नाही. अधूनमधून ते विचारतात, "अगं, नखं वाळली का?"

"अजून नाही," करवंदाबाई म्हणते.

तात्पर्य : घरच्यांनी कामाला लागावं असं वाटत असेल, तर त्यांना उपदेश करू नये. नखं करून घ्यावीत. आणि जेल दिव्याखाली मिनिटभरात वाळतं, हे घरी कुणालाही सांगू नये.