देवाजींनी बडतर्फी जिंकली त्याची हकीकत

श्रीमार्कंडेश्वर समर्थ. शके अठराशे सत्त्याहत्तर, माघमासी, चामोर्शी प्रांती जे घनघोर युद्ध जाहले, ज्यात रक्त सांडले नाही परंतु भुसा बहुत उडाला, त्याचा मजकूर पुढिलांस ठावा असावा म्हणोन लिहिला ऐसाजे.

खाविंद गुणवंतराव यांचे धानगिरणीत देवाजी म्हणोन मातबर असामी, मिसरूड फुटल्यापासोन इंजिनाचे चाक हाताने फिरवून ते चालू करीत. मग नवे इंजिन दाखल जाहले, ते कळ दाबताच आपोआप धडधडू लागले, आणि देवाजींचे दंड बेकाम जाहले. तेव्हा सादिक शिंपी, जे नागपुरी कामगारांच्या सभेस एकवार जाऊन आल्याने कायद्याचे कुल मुखत्यार मानले जात, त्यांनी मसलत दिधली :

"देवाजीभाऊ, सोताहून सोडलं तं काईच नाई भेटत. काम नाई म्हणून मालकानं काढलं, तं इतक्या वर्साची भरपाई त्याले द्याच लागते. भांडजो नोको, हटजो बी नोको."

हा कायदा गुणवंतरावांसही ठावा होता. सबब देवाजींनी आपण होऊन निघोन जावे, ऐसा त्यांनी वेढा घातला. प्रथम काम बंद केले. मग बसावयाचे स्टूल जप्त केले, तो देवाजी भुशाचे राशीवर ठाणे देऊन बसले. मग चहा पाठवून पुसविले की, या वयात आराम काऊन करीत नाही? देवाजींनी चहा प्राशन केला, आराम केला नाही.

इतक्यात शिवरात्र आली. त्या दिवशी मार्कंड्यास जाऊन वैनगंगेत स्नान करावे हा देवाजींचा वाडवडिलांपासोनचा नेम, आणि रजा मागोन जत्रेस जाण्याची चाल त्या मुलखात कोणासही ठावी नव्हती. गुणवंतरावांनी मोठ्या मायेने खासा छकडा देऊ केला. मनात फंद ऐसा की, गेला म्हणजे काम टाकोन गेला म्हणावे आणि दरवाजा लावावा.

देवाजी संकटी पडले. नेम मोडवेना, भुसा सोडवेना. तेव्हा त्यांचे कुटुंब शकुबाई वदल्या, "सरदार लोक लढाईत गुंतले तं खांडा-तलवार पाठवून लगन लावत होते म्हन्ते. तुमची छत्री द्या मले."

छत्री काळी, तीस सादिकने शिवलेले लाल ठिगळ, अवघ्या गावास परिचित. ती छकड्यात गादीवर विराजमान जाहली, वैनगंगेत तीन बुड्या पावली, आणि भर उन्हात उघडोन देवळाकडे कूच करती जाहली. पाळतीवर आलेले गुणवंतराव लांबोन लाल ठिगळ पाहताच हर्षभरित जाहले, आणि देवाजी काम सोडोन गेला ऐसे जत्रेत दहा जणांस जाहीर करोन दौडत गिरणीत आले. पाहतात तो भुशावर देवाजी.

"तू इथी? तुले तं मी मार्कंड्याले पाह्यलं!"

"छत्री गेली होती मालक. मी सकायपासून इथीच आहो."

तमाशा पाहावयास त्यांचे मागोमाग आलेली जत्रेची माणसे दरवाजात दाटली. ती हसली. त्या हसण्याने खाविंदांची अक्कल मोर्चा सोडोन पळाली.

"तुह्यासाठी कामच नाई राह्यलं इथी! इंजन आपोआप चालते! काढलं तुले आजपासून!"

देवाजी उठोन उभे राहिले, मुजरा केला आणि अर्ज गुजारला, "मालक, एकडाव अजून सांगा. सादिकभाऊ मांगं उभे आहेत, त्याईले आयकू नाई आलं."

खाविंदांनी दुप्पट जोराने सांगितले.

शकुबाईंनी जत्रेची रेवडी दारोदार वाटोन वर्तमान दिधले की, आमच्या घरच्यांस कामावरोन काढले. काही बाया रडावयास आल्या होत्या, त्याही रेवडी खाऊन गेल्या. पुढे खाविंदांनी बहुत आढेवेढे घेतले, परंतु जत्रेएवढे साक्षीदार असल्याने भरपाई देणे प्राप्त जाहले.

दुसरे दिवशी पहाटे देवाजींचे पाय सवयीने गिरणीकडे वळले. शकुबाईंनी कोपऱ्यावरोन हात धरोन परत आणिले. देवाजी ओसरीवर बसले, दोन्ही तळहातांवरील चाकाचे घट्टे उगाच पाहत राहिले.

येणेप्रमाणे देवाजी फत्ते पावून बेकार जाहले.