थोरला, पाव्हणा आणि सुमनवहिनींचा फोटो

माझ्या परसातल्या पपईचे जेवढे फोटो निघालेत, तेवढे आमच्या सगळ्या खानदानाचे मिळून निघाले नसतील. रोज सकाळी आठच्या सुमारास कुंपणापलीकडून "बाई, येऊ का?" अशी हाक येते आणि उत्तराची वाट न बघता दामूदादा भोईर आत येतात. गळ्यात दोन कॅमेरे, एक उजवीकडे, एक डावीकडे, कावड घेतल्यासारखे. पपईसमोर उभे राहतात. एका कॅमेऱ्याने फोटो काढतात. मग दुसऱ्याने अगदी तोच फोटो काढतात. आणि जाताना पपईला सांगतात, "झालं. हल आता."

दामूदादा भिसेगावातले माझे शेजारी. कशेळ्यापासून खालापुरापर्यंत त्यांनी उभा जन्म लग्नांचे फोटो काढले. अर्ध्या तालुक्याला त्यांनी कधी ना कधी "हनुवटी खाली, नजर वर" असं बजावलेलं आहे. अजूनही बाजारात ते समोर आले की दोन-दोन लेकरांच्या आया नकळत हनुवटी खाली घेतात. मी इथल्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे गावाची मी 'बाई'. पण माझ्यापेक्षा गावाला शिस्त त्यांनीच जास्त लावली, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्यांच्या दोन कॅमेऱ्यांची नावं आहेत. जुना तो 'थोरला'. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी घेतलेला, लग्नावाल्यांचा खरा व्यावसायिक डीएसएलआर. काळा, दणकट, लेन्स लावली की तान्ह्या मुलाएवढा जड. मुठीजवळचं रबर सुटलं, तेव्हा सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून त्यांनी ते चिकटवलं. बटण दाबलं की 'खटॅक' असा आवाज येतो. "ऐकलंत?" ते म्हणतात. "याला म्हनतात फोटो निघाला. गल्लीच्या टोकाला कळतं."

नवा तो 'पाव्हणा'. दोन वर्षांपूर्वी दामूदादांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. दामूदादा म्हणाले, "वजन कुठं उचलतो? कॅमेरा उचलतो." पुण्याला असलेल्या त्यांच्या लेकीने, वैशालीने, हे ऐकलं आणि वाद न घालता एक हलका कॅमेरा घरपोच पाठवून दिला. लेन्स त्याला कायमची चिकटलेली, पण झूम साठ पट.

त्या दिवशी दामूदादा खोकं घेऊन माझ्याकडे आले ते कुणी फसवल्यासारखे.

"बाई, याची लेन्स निघत नाय."

"मग?"

"ज्याची लेन्स निघत नाय त्याला कॅमेरा म्हनायचं, तर ज्याचं झाकन निघत नाय त्याला डबा म्हनायचं काय?"

पण लेकीने पाठवलेला. परत करता येईना, आणि मान्यही करता येईना. म्हणून त्यांनी रीतसर परीक्षा घ्यायचं ठरवलं. शंभर पानी वही आणली, मधोमध रेघ मारली, डावीकडे थोरला, उजवीकडे पाव्हणा. एकच वस्तू दोघांनी टिपायची आणि दहापैकी मार्क मी द्यायचे. कारण मी बाई. पपई, माझा विजेचा मीटर, वाळत घातलेली गोधडी, कुंपणावरचा सरडा, सगळे परीक्षेला बसले. एकदा मी पपईत पाव्हण्याला सात आणि थोरल्याला सहा दिले. दामूदादांनी चष्मा पुसला, लॅपटॉप माझ्या नाकाशी आणला.

"पानाच्या शिरा बघा जरा. फेरतपासनी करा."

फेरतपासणीत थोरल्याला आठ मिळाले. तीस वर्षांत मी कुणाच्या दबावाखाली मार्क वाढवले नव्हते.

पाव्हण्याचे दोष त्यांना तोंडपाठ होते. डोळ्याला लावला की आत छोटा टीव्ही दिसतो. "मी खिडकीतून बघनारा मानूस. टीव्हीतून नवरी बघू का?" बटण दाबलं की तो अंमळ विचार करतो, तोवर कुत्रं निघून जातं. संध्याकाळी उजेड कमी झाला की फोटोत रवा पेरल्यासारखे दाणे येतात. एकदा मात्र गच्चीवरून त्यांनी पाव्हण्याने माथेरानचा डोंगर जवळ ओढला. कड्यावरचं एकेक झाड सुटं दिसायला लागलं. दामूदादांनी पाव्हणा खाली घेतला, पुन्हा डोळ्याला लावला. मग म्हणाले, "दिसतं. पन दिसनं येगळं आन फोटो येगळा." वहीत मात्र त्या दिवशी त्यांनी थोरल्याचा रकाना कोरा ठेवला.

आणि मग हिवाळ्यात वैशालीचा फोन आला. तिने पुण्यात घर घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत तिला आईचा फोटो लावायचा होता. हसरा. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती, त्याचं निमित्त.

"सगळ्या जगाच्या बायका हसवल्यात बाबा," ती म्हणाली. "आता माझ्या आईचा एक द्या."

दामूदादांनी घरातली सगळी कपाटं उपसली. सुमनवहिनींचे फोटो निघाले पुष्कळ, पण सगळे मतदार ओळखपत्रावरच्यासारखे. ओठ मिटलेले, डोळे वटारलेले, मान ताठ. प्रत्यक्षात ही बाई दिवसातून दहादा हसते. समोर कॅमेरा आला की मात्र पंचनाम्याला उभी राहिल्यासारखी होते.

मग थोरल्यासमोर वहिनींचं बसणं सुरू झालं. कुंपण बुटकं असल्यामुळे मला सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

"मोकळी बस गं. चेहरा सैल सोड."

"सोडला."

"कुठं सोडलास? आवळलायस."

"सैल सोडला तर पडंल ना हो खाली!"

खटॅक. पंचनामा. पुन्हा खटॅक. पुन्हा पंचनामा. आठ दिवस हे चाललं. दामूदादांनी विनोद सांगून पाहिले, मला बोलावून विनोद सांगायला लावले. एकदा स्वतः डोक्यावर टोपली ठेवून उभे राहिले. वहिनींनी फक्त विचारलं, "ती टोपली धुतलेली हाय का?" नवव्या दिवशी दामूदादांचा खांदा इतका दुखायला लागला की थोरला कपाटात गेला. ते कुणाशी बोलेनात. पपईकडेही आले नाहीत. उभ्या जन्मात ज्याने रडणाऱ्या नवऱ्या हसवल्या, त्याला घरची एक बाई हसवता येईना, हे त्यांना फार लागलं होतं.

त्याच आठवड्यात वहिनी मला म्हणाल्या, "बाई, वालाच्या शेंगा तोडायला येता का? पोरं मडक्यात शेंगांची पोपटी लावनार हायत." भोईरांचं शेत गावाबाहेर, त्यांच्या गच्चीवरून दिसतं एवढ्या अंतरावर. भात निघाल्यावर त्यात वाल पेरतात. आम्ही दोघी उन्हात शेंगा तोडत होतो. बोलता बोलता मी म्हणाले, "वहिनी, तुमच्या लग्नातला तरी एखादा हसरा फोटो असेल की."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच बांधावर बसल्या.

"तुमाला आमच्या लग्नाचं म्हाईत नाय? यांनी नाय सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या लग्नाची एकही सांगितली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आवो, फोटो काढायला यांचाच मैतर होता. आंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चाललेल्या, आन त्या मैतराच्या कॅमेऱ्यात रोल अडकला. उजेडात उघडला तर हळदीचे सगळे फोटो जळनार. यांनी ते आंतरपाटावरून बघितलं. 'थांब, हात लावू नको!' म्हनून वरडले, कॅमेरा घेतला आन कुनाची तरी घोंगडी डोक्यावरून घेऊन मांडवातच खाली बसले. आत काळोख करून रोल काढायला! लोकांना वाटलं नवऱ्याला चक्कर आली. माझी मावशी रडाया लागली. भटजीला नेरळला दुसरं लगीन होतं. तो म्हनतो, मुहूर्त चालला, घाला हार. मी म्हटलं, कुनाला? तर म्हनतो, हाय त्याला!"

"मग?"

"मग काय! घोंगडीचं जे टोक वर दिसलं, त्याला घातला. आतून आवाज आला, 'अरं, हलवू नका रं!'"

वहिनी हसायला लागल्या. तोंडावर हात नाही, पदर नाही. मागच्या पडलेल्या दाताची फट दिसेपर्यंत हसल्या. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. मीही हसून हसून दमले.

"चाळीस वर्षं झाली," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मनात आलं की एकटीच हसते. यांच्यासमोर नाय काढत. लोकांनी लई चिडवलं होतं तेव्हा. त्यांना वाईट वाटंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी दामूदादा आले. वही नव्हती. हातात फक्त लॅपटॉप. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले.

फोटोत एका कोपऱ्यात माझं पांढरं डोकं होतं, मागून. बाकी सगळ्या चौकटीत सुमनवहिनी. मान मागे टाकून हसणाऱ्या.

"गच्चीवरनं घेतला," दामूदादा म्हणाले. "पाव्हन्याची लांबी बघत होतो. शेतात तुमी दिसलात." मग त्यांनी सवयीने दोष सांगितले. "दाने आलेत. कडा मऊ हायत. थोरल्यानं जवळून येगळा आला असता."

"मार्क देऊ?"

"नको." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, अगदी हलकेच. "साठ पट लांब गेलो तवा हसली बघा. मी जवळ असलो की नाय हसत. बाई, काय सांगत होती ती?"

मी क्षणभर घुटमळले. मग सांगून टाकलं. "तुमच्या लग्नाची गोष्ट. घोंगडीची."

दामूदादा खुर्चीवर बसले. बरंच वय झाल्यासारखे दिसले.

"रागानं सांगत होती?"

"तुम्हीच बघा ना चेहरा."

त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "तिच्या गावात तिला घोंगडीची बायको म्हनायचे. वर्षभर. मला वाटलं, कॅमेरा बघितला की तिला तेच आठवतं. म्हनून असं तोंड करते. मी कधी इषयच नाय काढला."

"त्यांनीही नाही काढला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

 रुमाल काढून दामूदादांनी लॅपटॉपचा स्वच्छ पडदा उगाच पुसला आणि निघून गेले.

संध्याकाळी मी परसात कपडे काढत होते. पलीकडे ओटीवर वहिनी वाल सोलत बसल्या होत्या. दामूदादांनी आतून पाट आणला आणि त्यांच्याशेजारी टेकले.

"का हो? आज फोटो नाय काढायचा?"

"ऱ्हाऊ दे. तू सांग जरा."

"काय सांगू?"

"आपल्या लग्नात काय झालं ते."

वहिनींचा हात थांबला. "मी काय सांगू? तुमी नव्हतात का तिथं?"

"होतो की," दामूदादा म्हणाले. "पन मी घोंगडीत होतो गं. मला कुठं काय दिसलं?"