भट्टीसाठी नकार

माझ्या सासरच्या खारी-टोस्टच्या कारखान्यातली भट्टी विजेवर चालत नाही, ओळखीवर चालते. दिवे आणि पंखे विजेवर आहेत. औद्योगिक वसाहतीत सगळीकडे असंच असल्यामुळे लग्नाआधी हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही.

आमची भट्टी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मावसबहिणीच्या व्याह्यांवर चाले. ते मंत्री होते. नातं लांबचं, त्यामुळे खारी जरा फिकी निघे, पण निघे. समोरच्या पाइपवाल्यांचे सख्खे साडू मंत्रिमंडळात होते. त्यांचं यंत्र रविवारीही थांबत नसे. बिचारे पाइप ठेवायला जागा शोधत हिंडायचे.

मग सरकार पडलं आणि दुपारच्या चहाला आमची भट्टी गार झाली. पाइपवाल्यांच्या साडूंनी आदल्याच दिवशी पक्ष बदलला होता, म्हणून त्यांच्या यंत्राला नुसता एक गचका बसला.

"दिवाळीची ऑर्डर गेली तर कारखाना गेला," बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले. "पाइपवाले गोदाम म्हणून मागतायत. ओळखी आठवा."

सगळे आठवू लागले. माझा नवरा केदार म्हणाला, नव्या मंत्र्यांच्या ड्रायव्हरने एकदा त्याच्याकडे काडेपेटी मागितली होती. भट्टीचे मिस्त्री दस्तगीरचाचा दारावर हात ठेवून म्हणाले, "कोमट. पापडसुद्धा भाजायचा नाही, केदारशेठ."

तेवढ्यात टीव्हीवर नवे मंत्री यशोधन काटकर शपथ घेताना दिसले.

"मी ओळखते यांना," मी म्हणाले. सासरी आल्यापासूनचं माझं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

"कशी काय?"

"मला बघायला आले होते. मी नाही म्हटलं."

भट्टीत धडाड आवाज झाला. दस्तगीरचाचा ओरडले, "तापली! बोला सूनबाई, थांबू नका!"

"का गं नाही म्हणालीस?" आई खुर्ची ओढत जवळ आल्या.

"कांदेपोहे खाताना ते खिडकीबाहेरच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो बघत होते."

भट्टीच्या तापमानाचा काटा चढला.

"अजून?"

"फोटोत बघून त्यांनी भांग सारखा केला."

"बास, बास! करपेल!" चाचांनी झाऱ्या हातात घेऊन विनंती केली.

त्या दिवशी खारी अशी फुगली की डब्यांची झाकणं लागेनात. केदार मात्र डब्यांशी चाळा करत म्हणाला, "मला तर पहिल्याच भेटीत हो म्हणालीस."

"तुझ्यामागे फ्लेक्स नव्हता," मी म्हणाले. तो दिवसभर खूश होता.

पण नकाराची ओळख टिकाऊ नसते. मंत्री सत्कारांत रमले, त्यांचं मन दुखायचं थांबलं आणि भट्टी उतरू लागली. बाबा रीतसर वेळ घेऊन त्यांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्योगाला चालना देणं हे शासनाचं धोरणच आहे," ते म्हणाले. "रविवारी येतो. वहिनींनी पुन्हा नाही म्हणावं."

रविवारी आईंनी मला पैठणी नेसवली. "ठणकावून म्हण हं. मागच्या खेपेला फार सभ्यपणे म्हणालीस, म्हणून लवकर विझली."

मी ट्रे घेऊन कारखान्याच्या ऑफिसात गेले. मंत्र्यांनी पोहे घेतले, नजर खाली ठेवली आणि म्हणाले, "एक तांत्रिक शंका आहे. वहिनी 'हो' म्हणाल्या तर भट्टी किती तापेल?"

बाबांची बोटं मांडीवर हलू लागली; ते हिशेब करत होते. केदारने त्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, बोटं थांबवा," केदार म्हणाला.

"विचार करायला काय हरकत आहे रे?" बाबा म्हणाले. बोटं चालूच.

"हरकत आहे," आई म्हणाल्या. "ही हो म्हणाली की ओळख साहेबांच्या घरी जाणार. भट्टी इथं आहे."

हे बाबांना पटलं. मंत्र्यांनाही पटलेलं दिसलं. केदार उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. ते तांत्रिक नव्हतं.

मी मंत्र्यांकडे बघितलं. "नाही. तेव्हाही नाही, आता नाही, आणि तुम्ही मुख्यमंत्री झालात तरी नाही."

तावदानं थरथरली. दस्तगीरचाचा आतून आनंदाने शिव्या देत होते. दिवाळीची ऑर्डर संध्याकाळपर्यंत निघणार, एवढं नक्की झालं.

मंत्र्यांनी छातीवर हात ठेवला. "लागलं," ते समाधानाने म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर आले.

फाटकाबाहेर वसाहतीतले निम्मे कारखानदार आपापल्या मुली घेऊन उभे होते. नटबोल्टवाल्यांची, लोणचंवाल्यांची, पंखेवाल्यांच्या तर दोन. सगळ्या नटून आलेल्या, नकाराची तयारी करून.

"साहेब, आमच्या मुलीचंही एक 'नाही' ऐकून घ्या."

"रांगेने या," मंत्री म्हणाले आणि त्यांनी कॉलर सारखी केली. पहिला नंबर कुणाचा यावर थोडी बाचाबाची झाली. बाबांनी पुढे होऊन सर्वांना समजावलं, की क्रम काहीही लावा, नकारात सेवाज्येष्ठता आमच्या सूनबाईंचीच आहे.