मांजर गेलं, खुनी राहिला

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे डोळे माझे नव्हते, ज्याने सांगितली त्याचे होते. पण तो खोटं बोलतो तेव्हा त्याचा डावा कान हलतो, आणि त्या दिवशी तो अजिबात हलला नव्हता. (फोनवर बोलत होतो. पण माणसाला कळतं हो!)

तर एका शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे एक सर होते. मुलं त्यांना डिलीट सर म्हणत, कारण कुठलीही तक्रार नेली की सर आधी "काढून टाक" म्हणत आणि मग "काय झालंय?" असं विचारत.

त्या शनिवारी मुख्याध्यापिकाबाई पालकांना मोठ्या पडद्यावर शाळेची वेबसाइट दाखवायला गेल्या, तर त्यांच्या फोटोच्या जागी मिशा फेंदारलेलं मांजर! कुण्या गुणी बाळाने ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, टाकलं होतं, पानावरच्या प्रत्येक चेहऱ्याचं मांजर करणारं. पालक पोट धरून हसले. एक आजोबा म्हणाले, "फोटो चांगला आलाय बाईंचा."

"सर," बाई दातओठ खात म्हणाल्या, "असलं पुन्हा दिसता कामा नये."

शहाण्याने तेवढं मांजर हाकललं असतं. पण सरांच्या अंगात आलं. शाळेच्या खात्यांचा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी 'सर्व एक्स्टेन्शन बंद' असा नियम ठोकला, वर खबरदारी म्हणून सगळ्यांना लॉगआउट केलं आणि शीळ घालत घरी आले. 'सगळ्यांना'मध्ये आपणही येतो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. (मोजणारा नेहमी स्वतःला सोडूनच मोजतो.)

दारातच बायको उभी. "अहो, काय करून ठेवलंत? आईचं वाचन बंद पडलंय!"

सासूबाई डोळ्यांच्या ऑपरेशननंतर लेकीकडे विश्रांतीला आल्या होत्या. वाचायला बंदी. म्हणून सरांनी घरच्या कॉम्प्युटरवर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक्स्टेन्शन बसवून दिलं होतं, आणि सासूबाई दिवसभर त्यावर एक रहस्यकथा ऐकत होत्या. परवाच, लग्नानंतर पहिल्यांदा, त्यांच्या तोंडून निघालं होतं, "जावई तसा कामाचा आहे हो." ते वाक्य सर छातीवर बिल्ल्यासारखं लावून हिंडत होते. आता तोच बिल्ला निसटायला लागला. कारण आळसापायी त्यांनी घरचा ब्राउझरही शाळेच्याच खात्यावर उघडून ठेवला होता. खातं जिथे, नियम तिथे.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गुप्तहेर म्हणाला, 'खुनी याच घरात आहे', आणि तुमचं यंत्र गप्प झालं. कोण आहे तो मेला?"

"दोन मिनिटांत चालू करतो, आई."

सर लॉगिन करायला बसले. पासवर्ड? तो सरांना पाठ नव्हता. पासवर्ड सांभाळायला त्यांनी खास एक एक्स्टेन्शन ठेवलं होतं.

"म्हणजे कुलूप लावलंत आणि किल्ली आत?" बायकोने विचारलं.

सरांनी बाईंना फोन लावला. नियम बदलायचा अधिकार असलेल्या दुसऱ्या त्याच.

"मांजर गेलं का?" बाईंचा पहिला प्रश्न.

"गेलं, पण त्याबरोबर..."

"मग हात लावू नका. सोमवारी बघू." फोन बंद.

"सोमवारपर्यंत खुनी मोकाट?" सासूबाई कडाडल्या.

सरांनी घसा खाकरला. "मी वाचतो, आई."

आणि वाचलं हो! गुप्तहेराला घोगरा आवाज, विधवेला किनरा. दार करकरलं की तेही तोंडाने. पण जित्याची खोड! कंटाळवाणं वर्णन दिसलं की सर ते गाळून पुढे. शेवटी त्यांनी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "खुनी आहे... माळी!"

"कोण माळी?"

"तो... बागेच्या वर्णनात होता. ते मी काढून टाकलं."

बायको उठली, तिने ब्राउझर शाळेच्या खात्याऐवजी स्वतःच्या खात्यावर उघडला, त्यात तेच एक्स्टेन्शन घेतलं, आणि यंत्र माळ्यासकट खडाखडा वाचू लागलं.

"अगं, हे आधी नाही का सुचलं तुला?" सर ओरडले.

"सुचलं होतं की. पण तुमची विधवा फार रंगली होती."

बाजू सावरायला सर म्हणाले, "बघितलंत आई? एक्स्टेन्शन पारखून हवं तेच घेता येतं, नको ते आधीच अडवता येतं."

सासूबाईंनी लेकीकडे बघून सुस्कारा सोडला. "तुझ्या लग्नाच्या वेळी ही सोय असती तर!"

आता पदरचं काय घातलं, ते सांगून मोकळा होतो. मांजर खरं, कुलूप खरं, माळीही खरा. फक्त सासूबाई जावयाला 'कामाचा' म्हणाल्या, ते खोटं. तसं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. तेवढं एक वाक्य घाला म्हणून सर फोनवर अक्षरशः रडकुंडीला आले होते.