तांबोळी सर आणि पंचवीस फुटांवरची भिंत

तांबोळी सर स्वतःचे दात दिवसातून एकदा घासतात आणि गाडीचे दिवे दोनदा. टूथपेस्ट एकच, ब्रश वेगळे. एवढा विवेक आहे म्हणून आमचा शेजार अजून टिकून आहे.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सर तळमजल्यावर राहतात आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. हे फक्त नकाशावर. प्रत्यक्षात कोण कोणाच्या डोक्यावर बसलंय ते सांगायला नको. सरांनी पस्तीस वर्षं तंत्रशाळेत मुलांना आरेखन शिकवलं. लग्न केलं नाही. का, हे तोंडावर विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. मागून सगळ्यांनी सगळं ठरवून टाकलंय. माया म्हणाल तर दोनच ठिकाणी. एक, पार्किंगमधली चंदेरी रंगाची जुनी गाडी. आणि दुसरी, धायरीला एकटी राहणारी थोरली बहीण, आपा. दर शनिवारी संध्याकाळी सर गाडी काढून आपांकडे जेवायला जातात. पाऊस असो, ताप असो, सोसायटीची सभा असो, शनिवार म्हणजे धायरी. आणि म्हणून शुक्रवार म्हणजे मी.

शुक्रवारी सात वाजता बेल वाजते. "बाई, पाच मिनिटं."

ही पाच मिनिटं पाऊण तास चालतात. गाडीच्या नाकापासून मोजून पंचवीस फुटांवर कंपाउंडची भिंत आहे. तिच्यावर सरांनी खडूने दोन उभ्या रेघा आणि एक आडवी रेघ मारून ठेवलीय. हेडलाइटच्या उजेडाची वरची कड त्या आडव्या रेघेच्या बोटभर खाली यायला हवी. सर बॉनेटमध्ये डोकं घालून स्क्रू पिळतात आणि मी भिंतीशी उभी राहून हाळी देते.

"आता?"

"खाली आला."

"किती?"

"थोडा."

"थोडा हे माप नाही, बाई."

वर माझी आमटी करपत असते. तिचंही माप सरांना नको असतं.

मग ब्रेक लाइट. सर पेडल दाबतात, मी गाडीमागे उभी राहून "लागला, विझला, लागला" असं म्हणते. एकदा वैतागून म्हटलं, "अहो, सीट आणि पेडलच्या मध्ये एक काठी अडकवा की. मी कशाला?"

सर म्हणाले, "काठी बोलत नाही."

आमच्या सोसायटीत न बोलणारं काही मिळालं तर लोक त्याला हार घालतील. पण ते जाऊ दे.

एकदा मी मदत म्हणून नवा हॅलोजन बल्ब खोक्यातून काढून त्यांच्या हातात दिला. सरांनी तो उंदीर धरावा तसा रुमालात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "काचेला बोट लावलंत?"

"मग काय चिमटा लावू?"

"तुमच्या बोटाला तूप आहे. तूप तापणार, काच तडकणार." मग स्पिरिटने पुसून पुसून त्यांनी त्या बल्बचं शुद्धीकरण केलं. आम्हा पेंडशांच्या घरातल्या तुपाचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

तरी मी दर शुक्रवारी खाली जाते, त्याला कारण आहे. ते सांगायचं तर मला माझीच अब्रू काढावी लागेल. काढते. या वयात ठेवून तरी कोणासाठी?

मी गाडी शिकले पन्नाशीला टेकताना. आमच्या पोस्टातल्या बायकांत पहिली. त्यामुळे नाक इतकं वर की रस्ता दिसणं मुश्कील. दिवे लावले की डॅशबोर्डवर एक निळा दिवा लागे. मला वाटे, ती गाडीची पावती: दिवे उत्तम चालू आहेत, बाईसाहेब, चला. तो नाही लागला की मी खटका ओढून लावायची. समोरून येणारे लोक दिवे उघडझाप करत. मला वाटे, बाई गाडी चालवतेय म्हणून कौतुकाने ओळख देताहेत. मीही हात वर करून हसायची. घरी येऊन यजमानांना सांगायची, "पुण्यातली माणसं उगाच बदनाम आहेत हो." दोन वर्षं! दोन वर्षं मी अख्ख्या कर्वे रस्त्याच्या डोळ्यांत अप्पर, म्हणजे वरचा झगझगीत झोत, मारत हिंडले आणि लोकांच्या शिव्यांना नमस्कार करत आले.

शेवटी सर इथे राहायला आले आणि चौथ्याच दिवशी त्यांनी मला फाटकात अडवलं. "बाई, निळा दिवा म्हणजे शाबासकी नव्हे. अप्पर चालू आहे. डिप्पर करा." मी तणतणत घरी आले आणि गाडीचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. त्यानंतर महिनाभर मी सरांना टाळलं आणि कर्वे रस्त्याला त्याहून जास्त.

तर असा हा माणूस. "समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर तो उजेड नव्हे, उद्धटपणा," हे त्यांचं लाडकं वाक्य. आणि तोच माणूस या वर्षी बिघडला.

आधी दिव्यांची पिवळी पडलेली प्लॅस्टिकची आवरणं त्यांनी पॉलिश पेपरने घासली. पाणी मारत, हजार नंबर, मग दोन हजार नंबर, तीन दिवस. कुरकुर आवाज माझ्या दाढेत. ते ठीक. मग जास्त पॉवरचे बल्ब आले. त्यांना करंट पुरेना म्हणून नवं वायरिंग आलं. मग पांढरेफटक एलईडी. मग खाली दोन फॉग लॅम्प. कोथरूडला धुकं कुठलं? वॉचमन गाडी येताना दिसली की तोंड फिरवून उभा राहायला लागला. मी म्हटलं, "सर, आता समोरच्याच्या डोळ्यांचं काय?"

"बघू," एवढंच म्हणाले.

आणि मदतीला बोलावणं वाढलं. शुक्रवार होताच, बुधवारही लागला. मी कंटाळले. आणि कंटाळले की मला वाह्यातपणा सुचतो. नातवंडं याची साक्ष देतील.

त्या शुक्रवारी सर गाडीत स्टिअरिंगमागे बसून भिंतीकडे बघत होते. मी भिंतीशी. दिवे लागले, म्हणजे उजवा लागला. डावा ठार बंद. बल्बचा खटका नीट बसला नसावा. मी सांगणारच होते, पण मनात आलं, बघू तरी मास्तर स्वतः पकडतात का. म्हटलं, "वा! दोन्ही अगदी बरोबर. डावा तर काय, रेघेला चिकटून."

सर पुढे वाकून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां. दिसतोय मला. डावा छान आलाय."

मी हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

गाडीजवळ गेले आणि काचेत वाकून म्हटलं, "सर, डावा बंद आहे."

त्यांनी दिवे बंद केले. मग चष्मा काढून रुमालाने पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

"काचबिंदू," शेवटी म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. आहे तेवढी राखायची. संध्याकाळनंतर गाडी बंद."

"कधी म्हणाले?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि तुम्ही दिवाळीपासून दर शनिवारी सिंहगड रोडने गाडी हाकताय? लाज आहे का? कोणाला मारलंत म्हणजे?"

"मागच्या शनिवारी एक म्हैस आली समोर. तिला मी दिसलो. मला ती नाही." आवाज अगदी खाली गेला. "तेव्हापासून झोप नाही, बाई."

"मग रिक्षाने जा ना."

"गेलो होतो. आपाने दार उघडलं नाही."

आपांना ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. बेल नाही, फोन नाही, दारावरची थाप नाही. यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून ते कपाटात. गेली काही वर्षं ठरलेलं असं, की गाडी गल्लीत वळली की सरांनी तीनदा अप्पर-डिप्पर मारायचा, उजेड स्वयंपाकघराच्या पडद्यावर पडायचा, की आपा येऊन दार उघडणार. किल्ली सरांकडे आहे, पण आतून कडी असते. रिक्षाने गेले त्या दिवशी सर तासभर दारात उभे होते, आणि आपा आत ताटं वाढून बसल्या होत्या.

"मग सांगा त्यांना डोळ्यांचं."

"सांगितलं तर ती म्हणेल, येऊ नकोस. आणि तिचं मी कधी मोडलेलं नाही."

मी म्हटलं, "उद्या सहाला तयार राहा. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. मला मुंगीचे गुडघे दिसतात."

शनिवारी त्यांची गाडी मी चालवली. अर्थात ते एलईडी आणि फॉग लॅम्प आधी त्यांच्याकडूनच उतरवून घेतले, तेव्हाच किल्लीला हात लावला. रस्ताभर उपदेश. "क्लच सोडा. सोडा म्हणजे सोडा." "पुढे बस आहे." मी म्हटलं, "तुम्हाला दिसली?" म्हणाले, "वास आला." वडगावच्या पुलापाशी त्यांना उतरवून पुढे जावं, असं दोनदा मनात आलं.

धायरीच्या गल्लीत वळले आणि सांगितल्याप्रमाणे तीनदा उजेड मारला. पडदा हलला. दार उघडलं. काठपदराची साडी नेसलेली एक उंच, सडसडीत म्हातारी पायरीवर आली. सर ठरल्याप्रमाणे उतरले, बॉनेटला हात लावत लावत दाराकडे गेले. मी अंग चोरून स्टिअरिंगमागे बसले. उजेडापलीकडे कोण बसलंय ते आपांना दिसणार नाही, असा आमचा हिशेब.

आपांनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला दारात उभं केलं, आणि सरळ चालत माझ्या काचेशी आल्या. मी काच खाली केली. इलाजच नव्हता.

त्या वाकल्या आणि माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजल्या. म्हणजे त्यांच्या हिशेबाने कुजबुजल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाची कुजबुज अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. समोरच्या गॅलरीत एक बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबली.

"तुम्ही कोथरूडच्या बाई ना? बरं झालं आलात. दिवाळीपासून बघतेय मी. दर शनिवारी माझ्या फाटकाचा खांब घासून जातो. आज पहिल्यांदा नाही घासला. मुन्नाला दिसत नाही आता. त्याला सांगू नका मला कळलंय. कळलं म्हटलं की तो यायचा बंद होईल, फार मानी आहे. आणि मग मी शनिवारी कोणासाठी शिजवू?"

मी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा मुन्ना उंबऱ्याशी वाकून चपलेचं बक्कल काढत होता. आपा बोलायच्या थांबेपर्यंत काढत राहिला.

चपला अंगठ्याच्या होत्या. बक्कल नव्हतंच.