विमलताईंकडे उतरलेलं काम

नगर परिषदेच्या संकेतस्थळाने पाठीमागे सोडलेलं एक काम सोमवारी सर्व्हरमधून बाहेर पडलं आणि विमलताई ठोसरांच्या घरी येऊन राहिलं.

दिसायला ते पोस्टातल्या माणसासारखं होतं, खिशावर नगर परिषदेचा शिक्का. ते ओसरीवरच्या खुर्चीत बसलं आणि बोलू लागलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. विमलताईंनी आधी कपाटाला कुलूप लावलं, मग नगर परिषदेत फोन केला.

संगणक विभागातल्या मृणाल गावंडे आल्या आणि त्यांनी कामाला लगेच ओळखलं.

"ताई, हरवलेल्या माणसाच्या शोधाचा अर्ज तुम्ही भरला होता ना? हे त्याचंच."

"भरला होता, माझ्या भावासाठी. बटण दाबल्याबरोबर 'शोध सुरू आहे' असं आलं. पुढे काही नाही."

"शोधाला वेळ लागतो. तोवर पान अडकून बसू नये म्हणून आम्ही काम मागे सोडतो आणि पान मिटतं. याला सोडणारं पान केव्हाच मिटलं. आता याला कोणी नाही, म्हणून अर्जदाराकडे आलं असेल."

"मग ऐकू का येत नाही?"

मृणाल ओशाळल्या. "मागे सोडलेलं काम काहीही बोललं तरी ते कुठेच पोचू नये, अशी सोय असते. ती मीच केली."

विमलताईंना हे पटलं नाही. समोर बसून ऐकू न येणारं बोलणारा माणूस काहीतरी लपवतोच, असं त्यांचं मत होतं. त्यांनी कामाला चहा दिला नाही. भाजी चिरतानाही त्या स्वयंपाकघराच्या दाराआडून त्याच्यावर नजर ठेवून होत्या.

दोन-तीन दिवसांत आळीतले लोक विसरू लागले. शेजारचे भोजने मुलीकडे जायला निघाले आणि ती कोणत्या गावी दिली हेच न आठवून स्टँडवरून परत आले. मृणालनी तपासून सांगितलं, की शोधाला स्मरण लागतं. सर्व्हरमध्ये असताना काम सर्व्हरचं वापरायचं, आता जवळपास मिळेल त्याचं वापरतंय.

मुख्याधिकारी केळोदकर स्वतः आले. "बंद करून टाका."

"बंद केलं तर शोधलेलं सगळं जाईल, साहेब," मृणाल म्हणाल्या.

"मग अर्जदाराला विचारू. ताई, कोणाला शोधायचंय तुम्हाला?"

"भावाला."

"नाव काय त्याचं?"

विमलताईंनी तोंड उघडलं. नाव आलं नाही. चेहरा आठवून पाहिला, तोही आला नाही. "माझ्याशी भांडून गेला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "एवढंच राहिलंय. बाकी सगळं नेलं आणि नेमकं हेच का ठेवलं याने?"

काम ओठ हलवत होतं. त्या उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"सांगता येत नाही ना तुला? मग दाखव. चल."

"ताई, याचा भरवसा काय?" केळोदकर म्हणाले.

"भरवसा नाहीच. म्हणून तर सोबत जाते. डोळ्यांआड होऊ देणार नाही याला."

एसटीत कंडक्टरने कामाचं अर्धं तिकीट फाडलं. वरोऱ्याला उतरल्यावर काम पुढे आणि विमलताई पर्स छातीशी धरून चार पावलं मागे, असे ते चालत गेले. सोडावॉटरच्या कारखान्यामागे एक खोली होती. कामाने कडी वाजवली. पिकल्या केसांच्या एका माणसाने दार उघडलं आणि त्याच क्षणी काम संपलं, नेलेलं काही परत न देता. दारात विमलताई एकट्या उरल्या.

"तायडे?" तो माणूस म्हणाला.

"आपण कोण?"

"अगं, मी दिवाकर. तुझा भाऊ."

"असं कोणीही म्हणेल."

माणसाने डोळे पुसले, आत जाऊन खुर्ची आणली आणि दाराबाहेर ठेवली. विमलताईंनी ती हलवून पाहिली आणि काठावर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "भांडण कशावरून झालं होतं, ते तुमच्या बाजूने सांगा."