नत्थूकाकांचं जहाज

नागपूरला समुद्र नाही, बंदर नाही, पण आमच्या शेजारच्या नत्थूकाकांच्या घरात रोज एक जहाज पुढे सरकायचं. काका रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी अंबाझरी तलावाचं. भिंतीवर शाळेतला जुना जगाचा नकाशा आणि त्यावर डिंकाने चिकटवलेला चिंचोका. तो चिंचोका म्हणजे अमेरिकेहून येणारा गहू.

सकाळी मी पेपर उघडायच्या आत हाक यायची, "जहाज कुठवरी आलं गा?"

दुष्काळाचे दिवस होते. रेशनला तोच अमेरिकेचा लाल गहू मिळायचा, तोही आला तर. त्याची पोळी तोडायला दोन्ही हात आणि थोडा राग लागायचा. रांगेत काकांचं पालुपद ठरलेलं, "सही तिकडे, चूल इकडे!" त्यांच्या शेतकरी मेव्हण्याने गहू पेरणंच सोडलं होतं. "काहून पेरीन तो? सस्ता लाल गहू आला, तं त्याच्या गव्हाले कोणी इचारे ना. आता अमेरिकेचा साहेब जहाज सोडाच्या कागदावर सही करून नाही राहिला, तं खा म्हणा नकाशा!"

गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी गेलो तेव्हा काकू जेवत होत्या. तापातून नुकत्याच उठलेल्या, अंगात त्राण नाही. काकांनी चिंचोका मुंबईला लावला आणि काकूंनी दुसरी पोळी घेतली.

मला नको ते शहाणपण सुचलं. "काका, मुंबई कुठची? जहाज तिकडून निघालंच नाही अजून. आजच्या पेपरात आहे."

काकूंनी पोळी परत टोपल्यात ठेवली. "पीठ पुरवून खा लागन मंग."

काका मला बाहेर घेऊन आले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पिठाचा डबा खाली होऊन राहिला का काकू अर्धीच पोळी खाते. मले म्हणते, भूक नाही. जहाज जवळ आलं म्हटलं का दुसरी घेते. म्हणून तुले रोज इचारतो गा. खरं कुठवरी आहे ते समजलं, तं खोटं किती सांगाचं ते समजते."

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या दारातून मोठ्याने ओरडलो, "काका, जहाज लागलं मुंबईले!"

"राहू द्या भाऊ," आतून काकू म्हणाल्या.

पुढे ताप उलटला आणि काकू गेल्या. ती दुसरी पोळी मीच त्यांच्या ताटातून उचलली, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जहाज खरोखर लागलं. पेपर घेऊन मी स्वतः गेलो. काकांनी घडीसुद्धा मोडली नाही.

"आता कुठवरी का येईना गा," म्हणाले.